जुनी व्हॅन देताना

दिवाळी जवळ आली की आमच्या कार्यालयात फोन येऊ लागतात. ‘घरात नवी गाडी आलीय, जुनी मारुती व्हॅन नुसती उभी आहे. तुमच्या आधारगृहाला चालेल का?’ फोन बहुधा घरातल्या पुरुषाचा असतो. देण्याची इच्छा खरी असते, तिची टिंगल मला करायची नाही. पण अशा गाड्यांपायी आर.टी.ओ.त आणि गॅरेजात आमच्या कार्यकर्त्यांचे जे दिवस गेले, ते पाहून माझं मत पक्कं झालंय : संस्थेला गाडी देणं हे जुन्या साड्या देण्यासारखं करू नये. (जुन्या साड्यांबद्दलही पुष्कळ बोलण्यासारखं आहे, ते पुन्हा कधीतरी.)

गाडी आम्हाला लागते कशाला? आजारी बाईला न्यायला १०८ ची गाडी येते. पण जी आजारी नाही, फक्त जिवाला भ्यालेली आहे, कडेवर एक, हाताशी एक आणि काखेत गाठोडं घेऊन रात्री वाडीबाहेर उभी आहे, तिला कोण आणणार? भाड्याची जीप करावी, तर ड्रायव्हर त्याच पंचक्रोशीतला. बाईला कुठे उतरवलं हे सकाळच्या चहाला तिच्या सासरी पोचलेलं असतं. मग आधारगृहाच्या दारात दीर, चुलत सासरे, पुढारी सगळे हजर! २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला, संरक्षण अधिकारी दिले, आश्रयगृहाची तरतूद केली. पण त्या पहिल्या रात्रीचे वीस-पंचवीस किलोमीटर तिने कसे कापायचे, हा प्रश्न उरतोच.

म्हणून व्हॅनचं मोल आम्हाला आहे. १९८४ साली आलेली ही गाडी २०१९ मध्ये कंपनीने बंद केली, तरी तालुक्याच्या गावात ती अजून दिसते. इंजिन पुढच्या सीटखाली, त्यामुळे वैशाखात बूड भाजतं. पण सरकतं दार असं की पोराला घेऊन झटकन चढता येतं, आणि आमच्यासारख्या सहा-सातजणी गाठोड्यांसकट सहज मावतात. हिंदी सिनेमाने ही गाडी बायका पळवण्यासाठीच वापरली. आम्ही तिच्यातून बायका सोडवून आणतो, एवढाच फरक!

पण ती चालायला हवी, आणि कागदावर आमची व्हायला हवी. ‘सह्या करून देतो, पुढचं तुमचं तुम्ही बघा’ असं म्हणणारे दाते उदार वाटतात. प्रत्यक्षात ते स्वतःलाच अडकवून घेतात. आर.सी.वर ज्याचं नाव, तोच मालक. नाव बदललं नसेल तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. राज्यातल्या राज्यात गाडी दिली तरी चौदा दिवसांत आर.टी.ओ.ला कळवावं लागतं. फॉर्म २९ आणि ३० भरायचे, कर्ज असेल तर बँकेचा बोजा उतरवायचा. पंधरा वर्षं झालेल्या गाडीचं रिपासिंग, पर्यावरण कर, विमा हे सगळं पुढे आहेच. वीस वर्षांवरच्या मोटारीच्या रिपासिंगची फी २०२५ मध्ये दहा हजार रुपये झाली. दान फुकट मिळालं म्हणून हा खर्च टळत नाही.

तेव्हा माझं म्हणणं सरळ आहे. व्हॅन चालती असेल तर पासिंग, वर्षाचा विमा आणि गरज असेल तर बॅटरी-टायर यांसकट द्या. चालती नसेल तर नोंदणीकृत भंगार केंद्रात घाला आणि आलेले पैसे संस्थेला द्या. प्राप्तिकरात सवलत पैशाच्या देणगीला मिळते, वस्तूच्या नाही. म्हणजे तुमचाही तोटा नाही. (त्यासाठी रक्कम चेकने द्यावी.) आमच्या अंगणात मात्र तुमची गंजलेली गाडी नको. तिच्यात मांजरी वितात आणि ट्रस्टी दर बैठकीत तिचं काय करायचं ते विचारतात.

आता त्या ‘घरच्या’ गाडीबद्दल. पोरांना शाळेत, सासूबाईंना डोळ्यांच्या दवाखान्यात, लग्नकार्यात भांडीकुंडी आणि शेतावरचं धान्य, असं बारा-पंधरा वर्षं जिच्यातून घर हललं, तिच्या आर.सी.वर नाव एकट्या नवऱ्याचं. एक शिक्षिका व्हॅन द्यायला नवऱ्याबरोबर आल्या होत्या. गाडीचे हप्ते त्यांच्या पगारातून कापले गेले होते. पावती नवऱ्याच्या नावाने झाली, फोटोत किल्ली त्यांनीच दिली, आणि बाई मागच्या सीटखालून मुलांची जुनी कंपासपेटी काढत होत्या. गाडी द्यायची ठरलंय हे त्यांना आदल्या दिवशी कळलं होतं. नवरा अकस्मात गेला, तर हीच गाडी वारस म्हणून आधी स्वतःच्या नावावर करून घ्यायला बाईला खेटे घालावे लागतात. २०२१ पासून आर.सी.वर नॉमिनीचं नाव घालता येतं. किती घरांत घातलंय? मैत्रिणींनो, आज कपाटातली आर.सी. काढून बघा.

दान करण्याचा हक्कही मालकीचाच भाग असतो. जिच्या श्रमावर आणि पैशावर वस्तू उभी राहिली, तिला ‘द्यायची का?’ असं कुणी विचारत नाही, आणि तीच वस्तू बायकांच्या संस्थेला मिळते, हे मला खटकतं. आम्ही आता पावतीवर दोघांची नावं मागतो. काही घरांतून यावर हसणं येतं, काहींतून राग.

आणि शेवटी, चालवणार कोण? पुरुष ड्रायव्हर ठेवला तर गुप्ततेचा प्रश्न तिथेच. ‘टुरिस्टचा परवाना नाही, बाई कशी चालवणार’ ही सबबही आता उरलेली नाही. साध्या हलक्या मोटारीच्या लायसनवर साडेसात हजार किलोपर्यंतचं प्रवासी किंवा मालवाहू वाहनही चालवता येतं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिलाय. आमची व्हॅन तर खाजगीच. तेव्हा व्हॅनबरोबर एका कार्यकर्तीच्या ड्रायव्हिंग क्लासची फी दिलीत तर ती देणगी मला दुप्पट वाटेल. सध्या आमच्या दोघीजणी शिकताहेत. एकीला घाट जमतो, पण रिव्हर्स जमत नाही, आणि वाड्यांच्या रस्त्यांवर रिव्हर्सच जास्त लागतो.