हक्कांची सनद आणि सेनापतीची बंदूक



स्वातंत्र्य, समता, बंधुता हे शब्द आपल्या राज्यघटनेच्या उद्देशिकेत आहेत. १७८९ सालच्या फ्रान्सच्या क्रांतीने ते जगभर नेले, असे शाळेच्या पुस्तकात सांगतात. पण त्या क्रांतीत ज्या सेनापतीने हक्कांच्या सनदेचा खर्डा मांडला, त्याच्याच शिपायांनी दोन वर्षांत अर्ज घेऊन आलेल्या माणसांवर गोळ्या झाडल्या. ही गोष्ट मात्र फारसे कोणी सांगत नाही.

सेनापतीचे नाव लाफायेत. घराणे उमरावाचे, पण अमेरिकेच्या स्वातंत्र्यासाठी लढून आलेला माणूस. ११ जुलै १७८९ ला त्याने लोकसभागृहात खर्डा ठेवला. १४ जुलैला बास्तीयचा किल्ला पडला आणि दुसऱ्याच दिवशी तो पॅरिसच्या राष्ट्ररक्षक दलाचा प्रमुख झाला. २६ ऑगस्टला १७ कलमांची सनद मंजूर झाली. तिचे १२ वे कलम सांगते की सशस्त्र बळ सर्वांच्या हितासाठी आहे, ते ज्यांच्या हाती सोपवले त्यांच्या फायद्यासाठी नाही.

आता व्यवहार बघा. त्या उन्हाळ्यात शेतकऱ्यांनी उमरावांच्या गढ्यांवर जाऊन देण्याची दप्तरे जाळली. घाबरलेल्या सभागृहाने ४ ऑगस्टच्या रात्री सरंजामशाही संपल्याचे जाहीर केले. शेतकऱ्याला वाटले, सुटलो! पण कायद्याचा तपशील आला तेव्हा कळले की जमिनीवरची देणी फुकट जाणार नाहीत, ती विकत घ्यायची आहेत. १७९० च्या मे महिन्यात दर ठरला : रोख देणे असेल तर वर्षाच्या रकमेच्या २० पट, धान्यात असेल तर २५ पट. म्हणजे मानेवरचे जोखड काढायचे तर आधी जोखडाची किंमत मोजा!

नागरिकांचेही दोन भाग पाडले. तीन दिवसांच्या मजुरीइतका थेट कर भरणारा, पंचविशी उलटलेला पुरुष तो 'सक्रिय' नागरिक. मत त्याला, आणि राष्ट्ररक्षक दलात जागाही त्यालाच. गरीब मजूर 'निष्क्रिय' ठरला. बायकांना तर मत नव्हतेच. भाकरीसाठी ५ ऑक्टोबर १७८९ ला पॅरिसहून व्हर्सायपर्यंत चालत जाऊन राजाला राजधानीत आणणाऱ्या त्याच बायका!

जून १७९१ मध्ये राजा पळून जाताना पकडला गेला. सभागृहाने त्याला पाठीशी घातले. १७ जुलैला, रविवारी, पॅरिसच्या शाँ द मार्स मैदानात लोक राजाविरुद्धच्या अर्जावर सह्या करायला जमले. हजारो सह्या झाल्या. त्या सकाळी तिथे जमावाने दोन माणसे ठार केली होती, हे खरे. पण त्यांचा अर्जदारांशी संबंध नव्हता. महापौर बाय्यी याने लष्करी कायद्याचा लाल झेंडा लावला, लाफायेत दल घेऊन आला, आणि गोळ्या सुटल्या. मेलेल्यांचा आकडा ५० पर्यंत असावा, असे इतिहासकार मानतात.

लाफायेत लबाड होता असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला ते पटत नाही. सनदेवर त्याची श्रद्धा खरी होती. पण त्याच्या हातातली बंदूक मालमत्तावाल्यांची होती. ज्यांच्यावर ती रोखली गेली, त्यांतल्या अनेकांना तिच्यावर मतही नव्हते. चांगला सेनापती हा हक्कांचा जामीन होऊ शकत नाही. १७९९ च्या नोव्हेंबरात नेपोलियनच्या शिपायांनी निवडून आलेल्या सभासदांनाच संगिनी दाखवून बाहेर काढले, तेव्हा हे पुन्हा दिसले.

मग शेतकऱ्याची देणी कशी सुटली? खेडोपाडी लोकांनी ती भरायचे नाकारले आणि वर्षामागून वर्ष नाकारत राहिले. शेवटी १७ जुलै १७९३ ला, मैदानातल्या गोळीबाराला बरोबर दोन वर्षे झाली त्या दिवशी, उरलेली सारी सरंजामी देणी एका पैशाच्या भरपाईशिवाय रद्द झाली.

तेव्हा सनद कोणी लिहिली हे जरूर विचारा. पण त्याआधी विचारा : बंदूक कोणाच्या हाती आहे, आणि तो कोणाला जाब देतो?