भुताचा सिनेमा आणि सहा वर्षांचे मूल

२०२४ च्या जुलै महिन्यातली गोष्ट. एक आई आपल्या सहा वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आली. "डॉक्टर, पंधरा दिवस झाले, याचं पोट दुखतंय. जेवत नाही, रात्री दचकून उठतो. एखादं चांगलं टॉनिक द्या."

पोट तपासले, मऊ होते. ताप नाही, वजन ठीक, लघवीचा रिपोर्ट स्वच्छ. विचारता विचारता कळले, की पोट शाळेला निघताना दुखते आणि रविवारी दुखत नाही. शाळेच्या वाटेवर पिंपळाचे झाड आहे. आणि पोटदुखी सुरू होण्याच्या आदल्या दिवशी घरची सगळी मंडळी 'मुंज्या' हा सिनेमा पाहून आली होती! भरीस भर म्हणून आजीने नातवाला एका देवऋषीकडे नेले होते. "बाहेरची बाधा आहे," असे तो मुलासमोरच म्हणाला. म्हणजे पोराला जी शंका होती, तिच्यावर मोठ्या माणसाने शिक्काच मारला.

आई म्हणाली, "पण डॉक्टर, तो तर विनोदी सिनेमा. आम्ही सगळे पोट धरून हसलो."

त्या माउलीला मी काय बोलणार? हीच चूक मी स्वतः केली आहे. १९९३ साली 'झपाटलेला' आला तेव्हा मी इंटर्न होतो. हॉस्टेलच्या मित्रांबरोबर लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या करामतींवर खूप हसलो. पुढे दहा वर्षांनी तो टीव्हीवर लागला, तेव्हा चार वर्षांच्या मुलीला मांडीवर घेऊन बसलो. मी लक्ष्याकडे पाहत होतो. ती तात्या विंचूकडे पाहत होती. त्या रात्री तिने आपली आवडती बाहुली कपाटात ठेवायला लावली आणि कपाटाला कुलूप घालायला लावले. सुटलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू झाले. आणि मी, एमबीबीएस डॉक्टर, पाहुण्यांसमोर तिला 'भित्री भागूबाई' म्हणालो! आज ती मोठी झाली आहे. म्हणते, "बाबा, बाहुल्याची भीती गेली. तुम्ही सगळे हसलात ते राहिलं."

वाचकहो, लहान मुलाची भीती मोठ्यांच्या भीतीहून वेगळी असते. सात-आठ वर्षांपर्यंतच्या मुलाला जे दिसते तेच खरे वाटते. अमेरिकेतील अभ्यासक जोअॅन कँटर यांनी या विषयावर अनेक वर्षे काम केले. त्यांना असे आढळले, की फार लहान मुले भेसूर रूपाला आणि ओळखीची गोष्ट डोळ्यांदेखत बदलण्याला घाबरतात. मोठी मुले प्रत्यक्षात घडू शकेल अशा संकटाला घाबरतात. बाहुली जिवंत होते, झाडावरून कोणी उतरते, हे चार-सहा वर्षांच्या मुलाला म्हणूनच झोंबते. विनोद कळायला गोष्ट कळावी लागते. भीती वाटायला नुसते दिसले तरी पुरते.

"पण सेन्सॉरने पास केलाय ना?" हा पुढचा प्रश्न. 'ए' प्रमाणपत्राचा सिनेमा अठरा वर्षांखालील मुलांना दाखवता येत नाही. तो कायदा आहे. 'यूए' ही मात्र पालकांना दिलेली सूचना आहे, दारावरचा माणूस तुम्हाला अडवणार नाही. २०२३ च्या कायदादुरुस्तीने 'यूए'चे सात, तेरा आणि सोळा वर्षे असे तीन भाग केले, हे चांगले झाले. २०१६ साली 'द जंगल बुक'ला 'यूए' मिळाले, तेव्हा मोगलीच्या गोष्टीला कसली भीती म्हणून लोकांनी मंडळाची टिंगल केली. मीही हसलो होतो. आज वाटते, पाच वर्षांच्या पोराच्या अंगावर अंधारात, मोठ्या आवाजात, थ्रीडीमध्ये वाघ धावून येतो, तेव्हा त्याला पुस्तकातली गोष्ट आठवत नसते. प्रमाणपत्र वय सांगते. तुमचे मूल अंधारात एकटे झोपते की नाही, हे फक्त तुम्हाला ठाऊक असते.

माझे मत स्पष्ट आहे. सात वर्षांखालील मुलाला भुताचा सिनेमा दाखवू नये, मग तो कितीही विनोदी असो. त्यापुढे, आधी आपण पाहावा, मगच मुलाला न्यावे. रात्रीचा खेळ नको, आणि घरी मोबाइलवर एकट्याने तर मुळीच नको. मूल कान झाकू लागले, कुशीत शिरले, "घरी चला" म्हणाले, की उठावे. तिकिटाचे पैसे फुकट गेले तरी चालतील.

आणि मूल घाबरलेच तर? लहान मुलाला "ते सगळं खोटं असतं" सांगून फारसा उपयोग होत नाही. जवळ घ्या, पाणी द्या, बारीक दिवा लावा, काही रात्री शेजारी झोपा. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला मात्र समजावून सांगता येते. तात्या विंचूचा बाहुला रामदास पाध्ये यांनी बनवला, बाहुला आपण होऊन हलत नाही, हे कळले की त्याची भीती निम्मी होते. "जेव, नाहीतर मुंजा येईल" ही धमकी घरातून कायमची हद्दपार करा. महिनाभरात भीती ओसरली नाही, मूल शाळा टाळू लागले किंवा अंथरूण पुन्हा ओले करू लागले, तर डॉक्टरांना दाखवा. आणि सिनेमाचे सांगायला लाजू नका.

त्या मुलाला मी टॉनिक दिले नाही. काही दिवस आईने त्याला दुसऱ्या गल्लीने शाळेत नेले. मग एका सकाळी आजीने त्याचा हात धरून पिंपळाखालून नेले, भरपूर उजेडात, गप्पा मारत. तीन आठवड्यांत पोटदुखी थांबली.

त्या आजीला मी एकच विनंती केली होती. पोराला "घाबरू नकोस" म्हणू नका. "मी आहे" म्हणा.