बर्फातलं रीडिंग आधी बघा

पाण्याच्या बाष्पनाची उष्णता काढायच्या प्रॅक्टिकलमध्ये ज्याचं उत्तर ४०.७ येतं त्याला पैकीच्या पैकी गुण आणि ज्याचं ४३ येतं त्याच्या जर्नलवर लाल शेरा, ही पद्धत बंद झाली पाहिजे. शहापूर-मुरबाड भागातल्या मुलांना मी रसायनशास्त्र शिकवते, आणि दर वर्षी परीक्षेच्या दिवसांत मला याच गोष्टीची चीड येते. कारण या प्रयोगात संशय यावा असं उत्तर ४०.७ हेच आहे.

१ मोल, म्हणजे १८ ग्रॅम पाण्याची वाफ करायला १०० अंश सेल्सिअसला ४०.७ किलोज्यूल उष्णता लागते. पुस्तकात असतो तो हाच आकडा. २५ अंशांना मात्र ती ४४ असते. आणि प्रयोग होतो साधारण ५० ते ८० अंशांत. ५० अंशांना पाण्याचा बाष्पदाब पाऱ्याच्या ९२.५ मिलिमीटर उंचीइतका, ८० अंशांना ३५५. क्लॅपेरॉनने १८३४ मध्ये वाफेच्या इंजिनाचा विचार करताना मांडलेलं आणि क्लॉसियसने १८५० मध्ये पक्क्या पायावर आणलेलं समीकरण घ्या, त्यात हे दोन दाब आणि दोन तापमानं घाला. उत्तर साडेबेचाळीसच्या आसपास येतं. मन लावून रीडिंग घेणाऱ्या मुलाला ४२ मिळेल, ४३ मिळेल, थर्मामीटर थोडा चुकला तर ४४ही मिळेल. नेमकं ४०.७ आणणाऱ्याने बहुतेक वेळा उत्तरापासून सुरुवात करून रीडिंगं मागाहून लिहिलेली असतात. आणि आपण त्याचीच पाठ थोपटतो.

प्रयोगाला लागतं तरी काय? उंच बीकर, १० मिलिलिटरचा मेजरिंग सिलिंडर, थर्मामीटर, बर्नर आणि बर्फ. सिलिंडरमध्ये साडेचार मिलिलिटर हवा राहील इतकं पाणी भरायचं, तोंडावर बोट धरून तो बीकरच्या पाण्यात उलटा सोडायचा. वर हवेचा बुडबुडा अडकतो. मग पाणी तापवायचं. बुडबुडा फुगतो, ७८ अंशांपर्यंत जवळजवळ ९ मिलिलिटर होतो, आणि इथेच मुलं थबकतात. एका मुलीने विचारलं होतं, "मॅडम, हवा कुठून आली एवढी?" हवा आली नव्हती. नुसती हवा तापली असती तर बुडबुडा साडेपाचच्या आतच थांबला असता. वरची सगळी जागा पाण्याच्या वाफेने व्यापली होती. वर्गात बाष्पदाबाची व्याख्या पाठ म्हणणारी ती मुलगी त्या दिवशी बाष्पदाब डोळ्यांनी बघत होती.

पुढचं काम सावकाशीचं. बर्नर बंद करायचा, पाणी निवत जाईल तसं दर तीन-चार अंशांना बुडबुड्याचं आकारमान लिहायचं. सिलिंडर उलटा असल्यामुळे पाण्याची कडही उलटी दिसते, म्हणून प्रत्येक आकड्यातून ०.२ मिलिलिटर वजा करायचे. शेवटी बर्फ टाकून पाणी ५ अंशांच्या खाली न्यायचं. तिथे बाष्पदाब इतका किरकोळ असतो की उरलेला बुडबुडा कोरड्या हवेचाच धरता येतो. त्यावरून हवा किती मोल ते कळतं, त्यावरून प्रत्येक तापमानाला हवेचा दाब; तो वातावरणाच्या दाबातून वजा केला की उरतो वाफेचा. त्याचा लॉगॅरिथम एका अक्षावर, केल्विन तापमानाचा व्यस्त दुसऱ्यावर. बिंदू एका तिरक्या रेषेत येतात आणि त्या रेषेच्या उतारात उष्णता सापडते.

हा प्रयोग सगळीकडेच नीट व्हावा, पण इथल्या मुलांचा त्यावर जास्त हक्क आहे असं मी मानते. १८९२ मध्ये बांधलेलं तानसा धरण शहापूर तालुक्यात आहे, भातसाही इथेच. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांची एकूण क्षमता १४,४७,३६३ दशलक्ष लिटर, त्यातली ७,१७,०३७ एकट्या भातसाची. आणि एप्रिल-मे महिन्यांत याच शहापुरातले आणि शेजारच्या मुरबाडमधले पाडे टँकरची वाट बघतात. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुली सकाळी हंडे भरून मग कॉलेजला येतात. पाणी उडतं किती आणि का, हे त्यांनी स्वतः मोजलेल्या आकड्यावरून काढलं पाहिजे.

१ हेक्टर पाण्यावरून दिवसाला ५ मिलिमीटर पाणी उडालं तर ५०,००० लिटर गेलं, १०,००० लिटरचे पाच टँकर. तेवढ्या पाण्याची वाफ करायला सूर्याने ओतलेली उष्णता घरगुती गॅसच्या पावणेदोनशेहून जास्त सिलिंडरांची. दारातल्या मडक्याचंही गणित तेच आहे: १ ग्रॅम पाणी उडताना सुमारे ५८० कॅलरी घेऊन जातं, म्हणजे ५८ ग्रॅम पाणी १० अंशांनी गार होईल एवढी उष्णता. शेततळ्यावर सावली करणं, काठाला झाडं लावून वारा अडवणं, यांची चर्चा गावाच्या ग्रामसभेत होते तेव्हा हा हिशेब मांडू शकणारी मुलगी तिथे बसलेली असावी. कॉपी केलेल्या जर्नलमधून ती तयार होणार नाही.

म्हणून परीक्षकांना माझी विनंती आहे. अंतिम उत्तराला थोडेच गुण ठेवा. जास्त गुण कच्च्या रीडिंगांना, आलेखाला आणि "तुझं उत्तर पुस्तकापेक्षा वेगळं का?" या व्हायवातल्या प्रश्नाला द्या. जर्नल उघडल्यावर आधी बर्फातलं रीडिंग बघा. तिथे ४ मिलिलिटर असेल, तर ७८ अंशांना ९च्या जवळचा आकडा हवा. तो ६ असेल, तर खालचं ४०.७ कितीही सुबक अक्षरात लिहिलेलं असो, त्या मुलाला शेजारच्या टेबलावर बीकर देऊन प्रयोग पुन्हा करायला बसवा.