बंदा रुपया आणि मोड

चाणक्याच्या नावावर सांगितले जाणारे एक सुभाषित आपल्याकडे घरोघरी ठाऊक असते. मुलाचे पाच वर्षे लाड करावेत, पुढची दहा वर्षे त्याला धाकात ठेवावे आणि सोळावे लागले की त्याच्याशी मित्रासारखे वागावे, असा त्याचा आशय. आमच्या पिढीच्या आईबापांनी यातला मधला धाक जुनाट म्हणून टाकून दिला आणि शेवटचा ‘मित्र’ मोठ्या हौसेने उचलला. तरीही सुभाषिताची आमच्यावरची पकड सुटली नाही. स्वातंत्र्य ही एका ठरावीक दिवशी मुलाच्या हाती ठेवायची वस्तू आहे, ही त्यातली कल्पना आम्ही कधी तपासून पाहिलीच नाही. फरक पडला तो एवढाच की सोळाव्या वर्षाची जागा बारावीच्या निकालाने घेतली. तोवर अभ्यास कर, पुढे तुला हवे ते कर, हे वाक्य न उच्चारलेले मध्यमवर्गीय मराठी घर सापडणे कठीण.

जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘बंदा रुपया’ येतो. बंदा म्हणजे न मोडलेला, सबंध. तिजोरीत ठेवायला तो उत्तम. पण ज्याने कधी चार आण्यांचा व्यवहार केला नाही त्याच्या हाती तो एकदम पडला, तर तो उधळतो तरी किंवा मुठीत आवळून बसतो तरी. स्वातंत्र्याचेही तसेच आहे. त्याची मोड करून ती पाचव्या वर्षापासून थोडी थोडी मुलांच्या हाती द्यायला हवी, असे आमचे म्हणणे आहे.

हे म्हणणे पुस्तके वाचून सुचले असते तर बरे झाले असते. ते सुचले आमच्याच घरात, आणि तेही नामुष्की पदरी आल्यावर. आम्ही दोघे साताऱ्यात राहतो. मुलांचे आजोळ वाईला. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या चौदा वर्षांच्या मुलीने जाहीर केले की ती या खेपेस एस्टीने एकटी जाणार. तासाभराचा रस्ता, जन्मापासूनचा ओळखीचा. तरी आम्ही कारणांची रास घातली: सणाची गर्दी, दिवस लहान, कोण शेजारी बसेल सांगता येत नाही. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “दादा बारा वर्षांचा होता तेव्हा त्याला तुम्हीच बसवून दिलं होतं ना?”

दिले होते. स्थानकावर जाऊन, खिडकीतून हात हलवून, मोठ्या कौतुकाने दिले होते. आणि पुढे आठवडाभर शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत होतो. आता आमच्याजवळ उत्तर नव्हते. जग वाईट आहे हे खरे. पण ते थोरल्याच्या वेळी चांगले होते असेही नाही. आम्ही सांगितलेली कारणे वयाची नव्हती, रस्त्याचीही नव्हती. ती मुलीची होती. सुभाषितकाराला सोळाव्या वर्षी मित्र म्हणून आठवतो तो पुत्र. कन्येची आठवण त्याला होत नाही, आणि मनूने तर स्त्रीला बापाकडून नवऱ्याकडे आणि नवऱ्याकडून मुलाकडे सोपवून हा प्रश्नच निकालात काढला आहे. समतेवर तासन्‌तास बोलणाऱ्या आमच्या घरातही स्वातंत्र्याची दोन वेगळी वेळापत्रके चालू होती, आणि ती आम्हाला दिसली नव्हती.

ती गेली. साडेनऊला घरातून निघाली. अकरापर्यंत पोचायला हवी होती. साडेअकराला आम्ही फोन लावला. तिने उचलला नाही. पुन्हा दोनदा लावला. त्या पाऊण तासात आम्ही एकमेकांना काय काय बोललो ते येथे लिहिण्याजोगे नाही. सव्वाबाराला आजीचा फोन आला: पोरगी आली, जेवायला बसली. पहिली गाडी खच्चून भरलेली होती म्हणून तिने सोडली, पुढची येईपर्यंत थांबली, त्या गाडीत बसली. मग फोन का केला नाहीस, का उचलला नाहीस? ती म्हणाली, “उचलला असता तर बाबा गाडी घेऊन न्यायला आले असते.”

ती चुकली होती, आणि तिचे खरेही होते. वाट पाहणाऱ्यांना दोन शब्दांचा निरोप देणे हे एकटीने प्रवास करण्याचे पहिले कर्तव्य; ते तिला सांगितले आणि तिने मानले. पण तिला आम्ही ओळखत होतो त्याहून तिने आम्हाला अधिक ओळखले होते. बाबा खरोखरच गेले असते. गर्दीची गाडी सोडावी की चढावे, एवढ्याशा प्रश्नाचे उत्तरसुद्धा आम्ही तिला शोधू दिले नसते.

‘तोत्तोचान’ हे तेत्सुको कुरोयानागी यांचे पुस्तक जपानमध्ये १९८१ साली आले आणि पुढे मराठीतही चांगलेच वाचले गेले. त्यातली तोमोए शाळेतली एक घटना या निमित्ताने आठवते. छोट्या तोत्तोचानचे आवडते पैशांचे पाकीट शौचकूपात पडते. ती लांब दांड्याचा डोला घेऊन टाकीतला मैला उपसू लागते. बाहेर ढीग साचतो. मुख्याध्यापक कोबायाशी तेथून जातात, काय चालले आहे ते विचारतात आणि काम झाल्यावर हे सगळे परत आत टाकशील ना, एवढेच म्हणून पुढे जातात. पाकीट सापडत नाही. ती ढीग परत आत टाकते. या प्रसंगातला मुख्याध्यापक सोशिक आहे असे अनेकांना वाटते; आम्हाला तो कडक वाटतो. त्याने मनाई केली नाही, मदतही केली नाही. आपण काढलेले आपणच भरायचे, एवढी एक अट त्याने घातली आणि ती पुरेशी होती.

ही सगळी परदेशी थेरे, असे कोणी म्हणेल. त्यांनी ‘श्यामची आई’ पुन्हा उघडावी. साने गुरुजींचे हे १९३५ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक केवळ रडवणारे म्हणून बाजूला ठेवले जाते. पण पोहायला जायला घाबरून दडून बसलेल्या श्यामला शोधून विहिरीवर पिटाळणारी आई त्यात आहे. तिने वापरलेल्या छडीचे समर्थन आम्ही करणार नाही. मात्र लेकराला पाण्यापासून वाचवण्याचा मार्ग म्हणून ती पाणी बंद करत नाही, हे लक्षात घ्यावे. विहिरीवर जाणती पोहणारी माणसे आहेत, हे तिला ठाऊक आहे; तेवढा बंदोबस्त असताना उडी त्यानेच मारायची आहे. आणि ताराबाई मोडकांचे काय? गिजुभाई बधेकांसमवेत १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा करणाऱ्या ताराबाई १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या आणि पुढे अनुताई वाघांच्या साथीने कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत काम करत राहिल्या. माँटेसरीचा विचार त्यांनी महागड्या साधनांतून सोडवून शिंपले, बिया, पाने यांच्यावर आणला. मूल आपले काम आपण करू शकते, हा विश्वास त्या विचाराच्या मुळाशी होता.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ सालच्या बालहक्क संहितेत, जी भारताने १९९२ मध्ये स्वीकारली, पाचव्या कलमात एक मार्मिक कल्पना आहे. पालकांनी मार्गदर्शन करावे. पण ते मुलाच्या विकसत जाणाऱ्या क्षमतांच्या प्रमाणात. म्हणजे मोजमाप वयाचे नाही, क्षमतेचे. आणि क्षमता ही वापरल्याशिवाय विकसत नाही, हे कोणत्याही संहितेने सांगण्याची गरज नाही.

मग मुलांना सगळेच मोकळे सोडावे काय? आमचा रोख तिकडे नाही. उलट आमची तक्रार अशी की जेथे द्यायचे तेथे आपण देत नाही आणि जेथे देऊ नये तेथे सर्रास देतो. कोपऱ्यावरून भाजी आणायला ज्याला एकटे धाडत नाहीत, त्याच चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती दुचाकीची किल्ली दिलेली आम्ही रोज पाहतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने अशा पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड सांगितला. किल्ल्या मात्र फिरतच आहेत. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला आणि अल्पवयीन चालकाचा प्रश्न देशभर गाजला. खटल्यात काय ठरायचे ते ठरो. घराघरांतील प्रश्न त्याने संपत नाही. फोनचेही तेच. रस्ता धोक्याचा म्हणून मुलांना घरात बसवले आणि हातात असे यंत्र दिले की ज्यातून सगळे जग उंबरठ्याच्या आत आले. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाती ठेवू देण्यास मनाई लागू केली. तो उपाय कितपत टिकेल यावर मतभेद आहेत. पण अंगण बंद आणि खिडकी सताड उघडी, हा उलटा व्यवहार त्यामुळे निदान चर्चेत तरी आला.

आम्हाला वाटते, परवानगी देताना वय विचारण्यापेक्षा तीन प्रश्न विचारावेत. चूक झाली तर ती भरून निघणारी आहे काय? तिची झळ चूक करणाऱ्यालाच बसेल की रस्त्यावरच्या तिऱ्हाइताला? आणि मूल स्वतः ती निस्तरू शकेल काय? चुकलेली बस, फसलेली भाजी, खर्चून टाकलेला महिन्याचा खाऊचा पैसा या चुका भरून निघतात. त्या खुशाल होऊ द्याव्यात. किल्लीची चूक भरून निघत नाही.

हे लिहिताना आमच्यावरची दुसरी जबाबदारी टाळता येणार नाही. एस्टीत कौतुकाने बसवून दिलेला आमचा मुलगा आज पुण्यात वसतिगृहात राहून अभियांत्रिकी शिकतो. प्रवासाचे स्वातंत्र्य त्याला दिले. पण त्याची शाखा आम्ही ठरवली, शिकवणी आम्ही ठरवली, चित्रकला सोडण्याचे वर्षही आम्हीच ठरवले. आता तो मोबाइलवरून विचारतो, कोणता ऐच्छिक विषय घेऊ? तुला काय वाटते, असे आम्ही म्हणतो. पलीकडे बराच वेळ काही ऐकू येत नाही. मग तो म्हणतो, “तुम्हीच सांगा ना.” त्याच्यात खोट नाही. अठरा वर्षे जपलेला बंदा रुपया आम्ही त्याच्या हाती ठेवला; तो मोडायचा कसा, हे मात्र शिकू दिले नाही. आता तेही फोनवरून, एकेका विषयाच्या निमित्ताने चालले आहे, आणि उत्तर न देता थांबणे आम्हाला जड जाते.

धाकटी दहावीच्या उंबरठ्यावर आहे. आमची भीती गेली असे मुळीच नाही. ती जाऊही नये. पण घरात एक बदल आमच्या कानांना जाणवला. आधी ती विचारायची, “शनिवारी वाईला जाऊ का?” गेल्या आठवड्यात म्हणाली, “शनिवारी वाईला जाते. साडेनऊची गाडी. पोचल्यावर कळवते.” आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि आजीसाठी न्यायची लोणच्याची बरणी तिच्या पिशवीत ठेवली.