जयंतीचे भाषण आणि भाषेचा तास

७ नोव्हेंबर १९०० या दिवशी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमराव रामजी आंबेडकर यांचे नाव नोंदले गेले. २०१७ पासून महाराष्ट्र शासनाच्या निर्णयाने हा दिवस राज्यात विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी आणि पुढे १४ एप्रिलला शाळाशाळांतून मुले भाषणे करतात. ही भाषणे बहुधा शिक्षकांनी किंवा पालकांनी लिहिलेली आणि मुलांनी पाठ केलेली असतात. जन्म, हालअपेष्टा, पदव्या, राज्यघटना आणि महापरिनिर्वाण असा त्यांचा क्रम ठरलेला असतो. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्याचे शब्द तपासून घेतले, कोणाचाही अधिकार पुराव्यावाचून मानला नाही, त्याच्या स्मरणार्थ आपण मुलांना दुसऱ्याचे शब्द न तपासता म्हणायला शिकवतो. यातील विसंगती आपल्या ध्यानात येत नाही, याचे कारण आपण बाबासाहेबांना चरित्रनायक मानले, लेखक म्हणून मात्र वर्गात येऊच दिले नाही.

भाषेच्या अभ्यासक्रमात थोर पुरुषांना जागा मिळते ती बहुधा ‘प्रेरणा’ या सदराखाली. पाठ दुसऱ्या कोणी तरी लिहिलेला असतो आणि प्रश्न घटनांवर विचारलेले असतात. भाषा शिकवण्यासाठी उपयोगी पडेल ते त्या पुरुषाचे स्वतःचे वाक्य. ते वाक्य बाजूला ठेवून आपण मुलांना त्याचे गुणवर्णन देतो. वस्तुतः बाबासाहेबांच्या लेखनात भाषाशिक्षणाचा एक सबंध अभ्यासक्रम दडलेला आहे. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून त्यांचे लेखन आणि भाषणे खंडरूपाने प्रसिद्ध केली आहेत. तेव्हा साहित्य उपलब्ध नाही, ही सबब आता चालण्यासारखी नाही.

पाचवी-सहावीच्या मुलांसाठी त्यांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींचा पहिला भाग घ्यावा. १९०१ सालची हकिगत आहे. वडील खटाव तालुक्यात नोकरीवर. साताऱ्याहून लहान मुले आगगाडीने त्यांना भेटायला निघतात. मसूर स्थानकावर न्यायला कोणी येत नाही. स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करतो आणि जात कळताच त्याचा चेहरा बदलतो. गाडीवान बैल हाकायला तयार होत नाहीत. अखेर दुप्पट भाडे देऊन मुलांनी गाडी स्वतः हाकायची आणि गाडीवानाने पायी चालायचे, असे ठरते. शिदोरी जवळ असते, पण पाणी मिळत नाही, म्हणून मुले उपाशी राहतात.

येथे शिक्षकाने एकच प्रश्न विचारावा : लेखकाने आधी मुलांच्या कपड्यांचे वर्णन सविस्तर का केले? विचार केल्यावर मुलांना उत्तर सापडेल. त्या कपड्यांमुळेच स्टेशनमास्तराला ती ब्राह्मणांची मुले वाटली. कपडे तेच, मुले तीच. बदलला तो एक शब्द. आक्रोश न करता, केवळ तपशिलांची मांडणी करून अन्याय कसा दाखवता येतो, हे येथे शिकता येते. मूळ लेखन इंग्रजीत आहे. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात ते अभ्यासाला वापरले गेले. मराठी अनुवादातून ते आपल्या वर्गात यायला कोणती अडचण आहे?

आठवी-नववीला ‘मूकनायक’ घ्यावा. ३१ जानेवारी १९२० च्या पहिल्या अंकातील अग्रलेखात हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली आहे. प्रत्येक जात हा एक मजला आणि मजल्यामजल्यांना जोडणारा जिना नाही. अलंकार म्हणजे भाषेवरचे दागिने, असे मुलांना आपल्या शिकवण्यातून वाटते. ही उपमा दागिना नव्हे, तो युक्तिवादच आहे. जिना नाही, हे एकदा मान्य केले की खालच्याने कष्ट करून वर यावे, हा उपदेश आपोआप कोसळतो. त्याच पत्राच्या शीर्षस्थानी तुकारामांचा अभंग होता आणि १९२७ साली निघालेल्या ‘बहिष्कृत भारत’च्या शीर्षस्थानी ज्ञानेश्वरांच्या ओव्या. ज्या विद्यार्थ्याला शाळेत इच्छा असूनही संस्कृत घेऊ दिले नाही, फार्सीकडे वळावे लागले, त्याने पुढे मराठीच्या संतपरंपरेवर असा उघड हक्क सांगितला. भाषा कोणाच्या मालकीची, या प्रश्नाचे यापेक्षा ठोस उत्तर कोणत्या व्याकरणात सापडेल?

कनिष्ठ महाविद्यालयाच्या पातळीवर ‘जातिनिर्मूलन’ हा ग्रंथ आदर्श ठरावा. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने १९३६ साली अध्यक्षीय भाषणासाठी बोलावले, भाषणाचा मजकूर पाहून मंडळ बिचकले, बाबासाहेबांनी मजकूर बदलण्यास नकार दिला आणि न झालेले भाषण स्वखर्चाने छापले. गांधीजींनी ‘हरिजन’मधून त्याची समीक्षा केली. पुढल्या वर्षीच्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी ती समीक्षा आणि आपले उत्तर, दोन्ही छापली. पत्रव्यवहार, व्याख्यान, परीक्षण आणि प्रत्युत्तर असे चार लेखनप्रकार एकाच विषयावर विद्यार्थ्याच्या हाती येतात.

यावर आक्षेप येईल की हे राजकारण आहे, भाषा नव्हे. हा आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे, कारण वर्गात मुलांकडून एखादे मत वदवून घेणे हा त्यांच्यावर अन्यायच होय, मग ते मत कितीही न्याय्य असो. परंतु येथे उत्तर ग्रंथातच आहे. लेखकाने स्वतः विरोधकाचे म्हणणे पुस्तकात घातले आहे. विद्यार्थ्याने दोन्ही बाजू वाचाव्यात, प्रत्येकीचा सारांश तिच्या समर्थकालाही मान्य होईल असा लिहावा आणि मग आपले मत कारणांसह मांडावे. त्याचे मत काय झाले याला गुण नसावेत; कारणे कशी दिली याला असावेत.

भाषा जड आहे, हा दुसरा आक्षेप. जड आहे हे खरे. पण आजची मुले ज्या कागदांसमोर उभी राहणार आहेत, ते न्यायालयाचे निकाल, शासनाचे आदेश आणि नोकरीचे करार, ती भाषा तरी कोठे सोपी आहे? ज्यांच्या घरी पुस्तके आहेत त्यांना अवघड वाक्य उलगडण्याची सवय घरीच लागते. ज्यांच्या घरी ती नाहीत त्यांना ती सवय फक्त शाळाच लावू शकते. त्यांच्या बोलीला अशुद्ध म्हणायचे आणि ‘झेपणार नाही’ म्हणून अवघड गद्यही त्यांच्यापासून दूर ठेवायचे, हा दुहेरी बहिष्कार आहे. मनोऱ्यातला जिना पुन्हा एकदा काढून घेण्यासारखेच ते आहे.

यासाठी नवी योजना लागत नाही आणि पाठ्यपुस्तक बदलण्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. येत्या १४ एप्रिलला पाठ केलेली भाषणे बंद करावीत. प्रत्येक वर्गाने बाबासाहेबांचे एक पान वाचावे आणि प्रत्येक मुलाने त्यावर स्वतःचे एक पान लिहावे. पटले ते का पटले आणि पटले नाही ते का नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी राजकारणातील व्यक्तिपूजा हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा दिला होता. शाळेत या इशाऱ्याचे पालन करण्याचा मार्ग एकच आहे : त्यांच्या तसबिरीला हार घालून झाल्यावर त्यांचे पुस्तक उघडावे आणि त्याच्याशी वाद घालण्याची मुलांना मोकळीक द्यावी.