तिसरं लेकरू मोजता, सतराव्या वर्षीचं लग्न कोण मोजणार?

पोस्ट लांब आहे. आता वेळ नसेल तर संध्याकाळी वाचा, पण वाचा.

लेकरं कमी होतायत, दोनावर थांबू नका, असं आता मोठ्या व्यासपीठांवरून सांगणं सुरू झालंय. डिसेंबर 2024 मध्ये नागपुरात सरसंघचालक मोहन भागवत यांनी तीन अपत्यांची गरज बोलून दाखवली. त्याच्या पंधरवडाभर आधी आंध्र प्रदेशच्या विधानसभेने स्थानिक निवडणुकीतली दोन अपत्यांची अट काढायचं विधेयक मंजूर केलं. आणि आपल्याकडं? 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं लेकरू झालं की ग्रामपंचायतीची पायरी बंद. आमदार-खासदाराला मात्र ही अट नाही. गावच्या मेंबराने दोन ठेवायची, विधानसभेत कितीही असली तरी चालतं. हा कुठला न्याय?

या अटीचा मार कुणाला बसतो ते छाननीच्या दिवशी तहसीलच्या आवारात उभं राहून बघा. जन्माचे दाखले फिरतात, तिसरं लेकरू भावकीतल्या कुणाच्या नावावर दाखवल्याच्या तक्रारी होतात. आणि दोनच लेकरं, त्यात एक पोरगा पाहिजेच, हा हिशेब घरात आला की जीव कुणाचा जातो, हे तुम्हाला मी सांगायला नको. 2001 ला आपल्या हिंगोली जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार पोरांमागं 927 पोरी होत्या. 2011 ला 882. हे सगळं एका अटीनं झालं असं मी म्हणत नाही, सोनोग्राफी आणि आपली खोड दोन्ही आहेत. पण सरकारने त्या खोडीला काटा दाखवायचा सोडून कायद्याचा टेकू दिला.

ती 882 वाली लेकरं आता लग्नाला आलीत. त्यांच्या आधीचीच अजून बसलीत. सेनगाव असो की औंढा, पस्तिशीचा पोरगा, तीन एकर सोयाबीन, थोडी हळद, बायोडाटा छापून छापून बाप थकला. पाव्हणे म्हणतात, शेती पाहिजे पण शेतकरी नको. डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात बिनलग्नाची पोरं मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर गेली होती. आपण तो व्हिडिओ हसत हसत पुढं ढकलला. मीपण ढकलला, खोटं कशाला बोलू.

आता गंमत बघा. पोरी कमी, मग पोरीचा भाव वाढायला पाहिजे, तिला शिकायला, नाही म्हणायला वेळ मिळायला पाहिजे. झालं उलटं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत आपल्या जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी तिघींत एकीहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. राज्यात हेच प्रमाण शेकडा 22. ऊसतोडीला कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल जोडीवर मिळते. पोरगी एकटी घरी ठेवून कारखान्यावर कसं जायचं, म्हणून बाप घाईनं हात पिवळे करतो.

राज्याचा जननदर 1.7 वर आला, त्याचं कौतुक होतं. पण पुण्यात बाई तिशीत लग्न करते आणि एका लेकरावर थांबते, ते तिचं ठरवणं. आपल्याकडं सतराव्या वर्षी लग्न, विशीत दोन बाळंतपणं, मग लगेच ऑपरेशन. कागदावर दोघी सारख्याच दिसतात. ऑपरेशनही तिचंच. त्याच पाहणीत राज्यातल्या लग्न झालेल्या बायकांपैकी शेकडा 49 जणींची नसबंदी झालेली, पुरुषांची शेकडा अर्धीसुद्धा नाही. नवरा कुठं गेला, हे सरकारने कधी विचारलं का?

'लेक लाडकी' आली 2023 ला. टप्प्याटप्प्यानं एक लाख एक हजार रुपये, चांगलं आहे. पण पुढच्या हप्त्यासाठी अट कशाची, तर आई-बापाच्या कुटुंब नियोजनाच्या प्रमाणपत्राची! शिवाय 1 एप्रिल 2023 नंतर जन्मलेलीलाच लागू. आज जी सोळाची आहे, तिच्या हातात यातलं काहीच नाही. तिला दहावीनंतर कॉलेजला न्यायला-आणायला गाडी पाहिजे, आई-बाप तोडीला गेल्यावर राहायला वसतिगृह पाहिजे.

दोन अपत्यांची अट काढा. लेकरं वाढवा म्हणून नाही, किती लेकरं हे त्या बाईला ठरवू द्या म्हणून. आणि तीन लेकरं घाला म्हणणाऱ्यांनी आधी त्या पस्तिशीच्या पोराच्या सोयाबीनला भाव द्या, मग बाळंतविड्याच्या गप्पा मारा.

कमेंटमध्ये फक्त एवढं लिहा: गावाचं नाव, अकरावीचं जवळचं कॉलेज किती किलोमीटरवर आणि सकाळी तिथं जाणारी एसटी आहे का. यादी करून मी उमेदवारांना एकेकाच्या घरी जाऊन विचारणार आहे.