आधी विचारायची गोष्ट

आमच्या वन्संच्या मुलाच्या मानेला गाठ आली. वय अवघं २३. तपासणीत हॉजकिन्स लिम्फोमा निघाला. हा कॅन्सर औषधांना चांगली दाद देतो, असा डॉक्टरांनी धीर दिला आणि पुढच्या आठवड्यात केमोथेरपी ठरली. पैसे कुठून आणायचे, डबा कोण नेणार, सगळं बोलून झालं. याला पुढे मूलबाळ होईल ना, हे मात्र कुणीच काढलं नाही. मी काढलं, तर वन्सं म्हणाल्या, "अहो वहिनी, आधी तो वाचू दे. ही काय बोलायची वेळ आहे?"

मैत्रिणींनो, वेळ नेमकी तीच असते! भराभर वाढणाऱ्या पेशी मारायच्या, हे या औषधांचं काम. केस गळतात ते त्यामुळेच. पुरुषाच्या वृषणात शुक्रजंतू तयार करणाऱ्या पेशीही सतत वाढत असतात, त्याही सापडतात. सायक्लोफॉस्फामाइड, प्रोकार्बझीन अशी औषधं जास्त प्रमाणात दिली तर नुकसान कायमचं होऊ शकतं. काही औषधांनंतर वर्षा-दोन वर्षांनी शुक्रजंतू परत येतातही, पण कुणाचे येतील हे आधी छातीठोकपणे सांगता येत नाही. पुरुषांमध्ये हे नुकसान टाळणारी गोळी किंवा काढा अजून सिद्ध झालेला नाही. कुणी विकू लागला तर पैसे घालवू नका.

मोठ्या मुलांसाठी उपाय आहे तो साधा. पहिल्या डोसाच्या आधी वीर्य स्पर्म बँकेत ठेवायचं. द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर, ते वर्षानुवर्षं टिकतं. दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोन-तीन नमुने दिले तर उत्तम. घाई असेल तर एकही चालतो, कारण आता एकच शुक्रजंतू बीजांडात टोचून गर्भधारणा करता येते. अमेरिकेचा सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग याने १९९६ साली केमोच्या आधी असंच वीर्य ठेवलं होतं. त्याला १९९९ मध्ये मुलगा आणि २००१ मध्ये जुळ्या मुली झाल्या. (पुढे उत्तेजकांपायी त्याची विजेतेपदं गेली, ती गोष्ट निराळी.) वयात न आलेल्या मुलांसाठी मात्र असा पक्का उपाय नाही, वृषणाचा तुकडा गोठवून ठेवण्याचे प्रयोग चालू आहेत. आणि लग्न झालेलं असेल तर केमो चालू असताना व नंतरही डॉक्टर सांगतील तितके महिने दिवस राहू देऊ नयेत.

आई लाजते, मुलगा आईसमोर बोलत नाही, आणि घाईगर्दीत डॉक्टरांकडूनही राहून जातं. शेवटी मीच डॉक्टरांना विचारलं. "बरं झालं, आजच विचारलंत," एवढंच ते म्हणाले आणि चिठ्ठी लिहून दिली. भाचा कानापर्यंत लाल झाला होता. त्याच्याबरोबर आमच्या यांना पाठवलं, बायकांचं तिथे काम नव्हतं. दोन नमुने झाले, सोमवारचा डोसही चुकला नाही.

रात्री वन्संचा फोन आला. "वहिनी, त्या बँकेचं भाडं दरवर्षी भरायचं ना? तारीख तेवढी कॅलेंडरवर लिहून ठेवते."